करंडीतली कॉफी

११ डिसेंबर १९६६, रविवार

जेवताना बोलू नये असं जे शास्त्र आहे ते आमच्या नरहरीदादासाठीच केलेलं असणार. ताटात बोंबलाचं कालवण, तोंडात घास, आणि तसाच म्हणतो, "कृष्णकांत, डोंगराचं मी ठरवलं. नागोरावला देतो."

नागोराव म्हणजे खडीवाला. तिकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललंय, त्याला खडी लागते, खडीला डोंगर लागतो, आणि सगळ्या जगात ह्यांना आमचाच डोंगर सापडला! जव्हारच्या अलीकडे घाट चढून गेलं की आमची अकरा एकर जागा आहे. धाकटे काका जव्हारला सर्व्हेखात्यात होते. ते निपुत्रिक गेले आणि जागा आमच्याकडे आली. त्यांनी हौसेने म्हैसूरकडून रोपं आणून फणसांच्या सावलीत कॉफी लावली होती. सव्वादोनशे झाडं आजही उभी आहेत. ठमी नावाची वारली बाई त्यांची राखण करते. फळं पाखरं खातात. दरवर्षी लालभडक फळं पाखरांच्या पोटात जातात आणि आम्ही पालघरजवळ माहीमला बसून चहा पितो.

मी म्हटलं, "दादा, ती कॉफी मी काढतो. अणुकेंद्राच्या कॉलनीत दक्षिणेकडचे इंजिनियर आलेत. त्यांच्या मेसला कॉफी लागते."

"मधमाश्यांसारखी काय?" दादा म्हणाला, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसली.

मुंबईची छापखान्यातली नोकरी सोडून आलो तेव्हा मी मधाच्या पेट्या आणल्या होत्या. माश्या दोन महिन्यांत शेजारच्या वाडीत उडून गेल्या. तेव्हापासून ह्या घरात मला काही सुचलं की माश्या निघतात.

तेवढ्यात तात्या बोलले. "करू दे त्याला. होळीपर्यंत करू दे."

पानवेली मेल्यापासून वडिलांच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी वेलींना मर लागली आणि सबंध पानवाडी गेली. दादाने तिथे केळी लावली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, साठ वर्षं पानं लावली, खुडली, करंड्या भरून गाडीला घातल्या. आता ओटीवर बसतात आणि रस्त्याकडे बघतात.

तर ठरलं. होळीपर्यंत मेसने कायमची मागणी दिली तर डोंगर राहिला. नाही दिली तर दुसऱ्या दिवशी नागोरावचे सुरुंग. सगळं लिहून ठेवावं म्हणून ही वही आणली. उद्या कोणी माश्या काढल्या तर पुरावा पाहिजे.

१५ डिसेंबर, गुरुवार

पालघरहून गाडीने बोईसर, तिथून सिमेंटच्या ट्रकमधून कॉलनी. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन मेसच्या मॅनेजरसमोर उभा राहिलो. ते म्हैसूरकडचे, कपाळाला गंध, हिंदी माझ्याहून वाईट. आधी मला त्यांची कॉफी पाजली. मला ती जळक्या चिंचोक्यासारखी लागली, पण "वा!" म्हटलं.

त्यांनी एक कच्चं बी दाताखाली धरून फोडलं. कट्ट! "ऐसा आवाज होना. गीला नहीं चलेगा. बास आया, तो बिलकुल नहीं चलेगा." दोन किलोचा नमुना आणायला सांगितलंय. आवडला तर दर महिन्याला घेतील. ह्यात अवघड ते काय? आमची चौथी पिढी माल पाठवण्यात गेली.

२ जानेवारी १९६७, सोमवार

डोंगरावर तीन दिवस राहून आज आलो. मासवणच्या पुढे एसटीचं चाक पंक्चर, मग दोन तास रस्त्यावर. वर थंडी अशी की ठमीच्या शेकोटीला चिकटून बसावं लागलं.

ठमी सगळ्यांना अरेतुरे करते. कलेक्टर आला तरी त्याला म्हणेल, "बस रं." मी लाल लालच फळं खुडायला सांगायच्या आधीच तिने लाल लालच खुडली होती, त्यामुळे माझं भाषण फुकट गेलं. शेणाने सारवलेल्या अंगणात पातळ पसरते, दिवसातून चारदा पायाने परतते, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करते.

मी विचारलं, "वाळलं हे कसं ओळखायचं?"

तिने सुकलेली चार काळी फळं मुठीत घेतली आणि माझ्या कानाशी हलवली. आत बी खुळखुळत होतं. "वाजलं की वाळलं," म्हणाली. "मुकं हाय तवर ओलं."

बाईला अक्षर येत नाही, पण अक्कल आहे. हे तिच्यासमोर म्हटलं नाही, उगाच डोक्यावर बसेल.

९ जानेवारी, सोमवार

पहिला माल घरी आला! चार करंड्या. पोत्यात घुसमटेल म्हणून माळ्यावरच्या पानांच्या जुन्या करंड्या काढून वर नेल्या होत्या. बांबूची वीण मोकळी, वारा खेळता राहतो. ही माझी कल्पना, आणि फुकटची. टरफल काढायचं काम घरच्या उखळात करायचं, म्हणजे माझ्या नजरेखाली.

टांग्यातून करंड्या उतरवून ओटीवर ओळीने मांडल्या तेव्हा तात्या उठून उभे राहिले. काठी न घेता. एकेका करंडीच्या काठावरून हात फिरवला. मग मला म्हणाले, "उगडी ठेवतात काय रे करंडी? पोराटकी." आणि स्वतः परसात जाऊन केळीची पानं कापून आणली, वर घातली.

"गाडी कितीची हाय?" त्यांनी विचारलं.

"तात्या, अजून पंधरा दिवस आहेत. ही कॉफी आहे."

"बरं," म्हणाले, "पण गाडी कितीची?"

कपाळ माझं. एक जण माश्या काढतो, एक जण गाडी. तरी केळीचं पान राहू दिलं. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा?

१३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी बघतो तर चारही करंड्या ओटीवर नाहीत! बायकोने, जयवंतीने, पहाटे उचलून माजघरात नेऊन ठेवलेल्या. विचारलं तर म्हणे, "बाहेर नको."

"का नको?"

"नको म्हणते ना. नाय तर पत्र्याच्या डब्यात भरा आणि झाकण लावा."

मी तिला समजावलं की डब्यात वारा लागत नाही. ती भाकरी थापत राहिली. बायकोला चुलीपुढे तत्त्वज्ञान सांगणारा मी उंटावरचा शहाणा. करंड्या उचलून परत ओटीवर नेल्या. तात्या तिथे हात जोडल्यासारखे बसले होते, करंड्या दिसल्यावर जरा सैल झाले.

आणखी एक. आंघोळीला गेलो तर तांब्या विहिरीवर नाही. सगळं घर धुंडाळलं. ओटीवर, बाकाखाली सापडला! ह्या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. तिळगूळ घ्या, गोड बोला. जयवंती दिवसभर बोलली नाही.

२२ जानेवारी, रविवार

उखळात फळं घातली. टरफल फुटून उडायला हवं, तर ते चिवट, लगदा होतंय. डोंगरावर ह्याच फळांचा खुळखुळा मी ह्या कानांनी ऐकलेला आहे. आज मूठ कानाशी धरून हलवली. मुकी. दुसरी मूठ, मुकी. दादा केळीचा घड खांद्यावर घेऊन जाता जाता थांबला आणि म्हणाला, "काय ऐकतोस? माश्या?"

तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तशीच कांडली, सुपात पाखडली, उन्हात घातली, दोन किलो बी कसंबसं काढलं.

२४ जानेवारी, मंगळवार

मॅनेजरनी बी दाताखाली धरलं. आवाज आला नाही. चणा भिजवून चावावा तसं दबलं. मग त्यांनी नाकाशी धरलं आणि डबा माझ्याकडे सरकवला. "बुरशी," हा शब्द त्यांना मराठीत येत होता! कामगारांकडून शिकले म्हणे.

मी विनवण्या केल्या. शेवटी म्हणाले, "एक बार और. मार्च में." परतीच्या गाडीत नमुन्याचा डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईने नाक दाबून जागा बदलली.

ओटीवर तात्यांनी विचारलं, "पोचला माल?"

"पोचला," म्हटलं. दुसरं काय सांगणार? त्यांचा चेहरा उजळला. मला तेव्हा त्यांचाही राग आला. मला सगळ्यांचाच राग आला होता.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

दहा दिवस विचार केला. दोष समुद्राचा. माहीमची हवा खारी, दमट. मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, मग कॉफीला का नाही? जयवंतीला सांगितलं, ओटीजवळ ओली लुगडी वाळत घालायची नाहीत.

"लुगड्यानं भिजते काय तुमची कापी?" ती म्हणाली.  तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. पण तात्यांनी पाणी मागितलं आणि ती आत गेली.

ह्या बाईला एकदा तरी सरळ काही बोलता येईल का?

१२ फेब्रुवारी, रविवार

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण वही पुराव्यासाठी आहे.

गेले चार दिवस डोक्यात शिरलं होतं की समुद्रापेक्षा ठमीचा दोष मोठा. नीट वाळायच्या आधीच गोळा करत असणार. वर चार वाळलेली, खाली ओली. वर गेलो आणि तोंड सोडलं. आळशी म्हटलं. तुझ्यामुळे डोंगर जाणार म्हटलं. तिचा नवरा जिव्या तिथेच कुंपणाला काट्या लावत होता.

ठमी ओरडली नाही. भरलेल्या करंडीत कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ काढली आणि माझ्या कानाशी वाजवली. खुळखुळ. दुसऱ्या करंडीतली वाजवली. तिसऱ्या करंडीतली वाजवली.

"हितं वाजतं," म्हणाली. "तुज्या घरी गेलं की मुकं होतं. तुज्या घरात बग, माज्या अंगणात काय बगतंस?"

मी म्हटलं, तोंड सांभाळून बोल. तिने हातातली फळं करंडीत टाकली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तुजी काफी तूच वाळव." आणि गेली. उतारावरून तिची पाठ दिसत होती तोवर मला वाटत होतं, येईल मागे. नाही आली.

तीन करंड्या घेऊन एकटा उतरलो. कंडक्टरने टपावर चढवायला हात लावला नाही.

२० फेब्रुवारी, सोमवार

मतदान, लाऊडस्पीकर, सगळ्या गावाच्या बोटांना शाई. माझ्या करंड्या पुन्हा मुक्या. कोणाला सांगू? ठमीला शिव्या देऊन बसलो, आणि फळं तर माझ्याच घरात ओली होताहेत. केळीचं पान उचललं तर खालून गार वाफ आली. वरच्या फळांवर पांढरी लव धरली होती.

जयवंती उंबऱ्यात उभी होती. "अजून म्हणते, डब्यात घाला," एवढंच म्हणाली. तिच्या डोळ्यात पाणी का आलं कळलं नाही. डोंगर माझा जातोय, रडते ही.

५ मार्च, रविवार

आता मला सगळं स्वच्छ दिसतंय. समुद्र नाही, ठमी नाही. घरातलंच माणूस आहे, आणि ज्याला डोंगर विकायचा आहे तेच. सख्खा भाऊ! नागोराव काल येऊन ओटीवर चहा पिऊन गेला. दादा त्याला करंड्यांकडे बोट दाखवून काही सांगत होता आणि दोघं हसत होते. पाणी ओतायला कितीसा वेळ लागतो?

आधीच्या लव धरलेल्या फळांतून बरी निवडून मी गेले बारा दिवस अंगणात कडक वाळवली. काल एक करंडी पुन्हा भरली. वाजवून भरली. ती आमिष. उद्यापासून पहाटे दाराआड उभा राहणार. पकडला की साऱ्या गावासमोर विचारीन.

७ मार्च, मंगळवार

पकडला.

काल पहाटे मलाच जाग आली नाही. आज तांबडं फुटता फुटता ओटीवर पावलं वाजली. मी दाराच्या फटीला डोळा लावून उभा. मुठी वळलेल्या. दादासाठी वाक्यसुद्धा तयार होतं.

तात्या होते. हातात तांब्या. जोडे खाली पायरीवर काढून ठेवलेले, पानवाडीत शिरताना काढायचे तसे. करंडीपाशी बसले, केळीचं पान अलगद उचललं, आणि तांब्यात बोटं बुडवून हबका मारला. एक समोरून, एक डावीकडून, एक उजवीकडून. कडेची फळं मध्ये घेतली, मधली कडेला केली. पुन्हा हबका. इतक्या मायेने की तान्ह्या मुलाला न्हाऊ घालणारी बाई लाजेल. तोंडाने काही पुटपुटत होते. ऐकलं. "लांबचा परवास हाय. सुकायचं नाय. सुकायचं नाय."

मला हा हात माहीत आहे. मी सहा वर्षांचा असल्यापासून पाहिलाय. करंडी गाडीला निघेपर्यंत रोज पहाटे पाणी. पान सुकलं तर बाजारात धन्याची अब्रू गेली. साठ वर्षं त्या हाताने एक दिवस चुकवला नाही. मीच मूर्खाने माळ्यावरच्या करंड्या काढल्या, ओटीवर मांडल्या, आणि त्यांच्यासमोर ठेवून विचारत बसलो की पाणी येतं कुठून!

ओरडणार होतो. खरंच तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्यांनी पान परत झाकलं, वरून थोपटलं, आणि भिंतीला टेकून बसले. चार वर्षांत तात्यांना असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. सकाळचं काम झालेला माणूस बसतो तसे बसले होते.

दाराआडून परत फिरलो. स्वयंपाकघरात जयवंती चूल पेटवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"तुला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस? तोंड शिवलं होतं?"

"सुनेनं सासऱ्याची चहाडी करायची? आणि तुमी काय केलं असतं? ओरडला असता त्यांच्यावर. माझ्यावर ओरडलात ते चाललं."

मी पाटावर बसलो. मग म्हटलं, "मी ठमीला आळशी म्हटलं."

"ठाऊक हाय. जिव्या पालघरच्या बाजारात भेटलेला." तिने माझ्यापुढे चहा ठेवला. "त्याची मातर मला लाज वाटली."

आता होळीला एकोणीस दिवस. हातात आहे ती भिजकी करंडी, आणि झाडांवर राहिलेली शेवटची फळं पाखरांनी केव्हाच खाल्ली असतील. संपलं.

१२ मार्च, रविवार

वर गेलो. वाटेत माफीची चार वाक्यं जुळवली होती, ती घाटातच विसरलो.

ठमी अंगणात होती. आणि अंगणभर कॉफी. शेवटची तोड सगळी, काळी, कडकडीत. 

"तू तर म्हणालीस, तुझी तूच वाळव."

"तुज्यावर रागावली मी. झाडाचं काय चुकलं?"

मी तिथेच मातीत बसलो. म्हटलं, "ठमी, तुझं बरोबर होतं. पाणी माझ्या घरातच पडत होतं."

"कोण मारी पाणी?"

खरं सांगायला हरकत नव्हती. ती काही माहीमला येऊन तात्यांना बोलणार नव्हती. पण जीभ वळेना. "मीच," म्हटलं. "पानाची सवय. चुकून."

 ठमी हसली, इतकी हसली की जिव्या झोपडीतून बाहेर आला. "शिकलेला हायस ना रं तू? मंबईला होतास ना?" मी खाली मान घालून हसू दिलं. तेवढं माझं देणं होतंच.

हसून झाल्यावर म्हणाली, "मंग आता घरी नेऊ नको. हितंच कांडू." तिने आणि मी मिळून दोन दिवसांत तिच्या उखळात टरफलं काढायची आहेत. माझ्या हाताला आत्ताच फोड आलेत.

१५ मार्च, बुधवार

आठ किलो बी! पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून. (जयवंतीने डबा माझ्या पिशवीत न विचारता घातला होता.) टरफलांचं एक पोतं भरून झालं. ठमी म्हणाली फेकून दे. का कोण जाणे, मी बरोबर घेतलं. पालघरला टांगेवाल्याजवळ पोतं माहीमला पाठवलं आणि डबा घेऊन सरळ बोईसरची गाडी धरली.

मॅनेजरनी बी दाताखाली धरलं. मी डोळे मिटले.

कट्ट!

भाजलं, दळलं, पितळेच्या भांड्यात गाळलं. मेसमधले तीन इंजिनियर उठून आले. एकाने घोट घेतला आणि दुसऱ्याच्या हातात पेला दिला. मॅनेजर म्हणाले की ह्यात फणसासारखा काही वास आहे, असा वास त्यांच्या गावाकडच्या कॉफीलाही नाही. झाडं फणसाखाली आहेत म्हणून का, देव जाणे.  हे आठ किलो आत्ताच ठेवून घेतले. पुढल्या हंगामापासून दर महिन्याला दहा किलो. कागदावर लिहून दिलं, सही, शिक्का.

मलाही पेला दिला. ह्या वेळी कॉफी चिंचोक्यासारखी लागली नाही.

२६ मार्च, रविवार

होळी. पुरणपोळी खाऊन सगळे ओटीवर बसलो असताना मी कागद दादापुढे ठेवला. त्याने दोनदा वाचला. दादा दिलेला शब्द मोडत नाही, तेवढं मानलं पाहिजे. नागोरावला उद्या नकार कळवतो म्हणाला. पण सरळ म्हणाला तर तो नरहरीदादा कसला?

"एक सांग. ही एवढी चांगली, मग आधीची दोनदा का कुजली?"

तात्या तिथेच बसले होते. काठीवर हनुवटी. जयवंती ताट घेऊन दारात उभी होती.

तीन महिने ह्या ओटीवर मला हसलेत. मधमाश्या, उंटावरचा शहाणा, सगळं. एक वाक्य बोललो असतो तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. माझ्या जिभेवर आलेलं होतं ते वाक्य.

"माझं चुकलं," म्हटलं. "मला वाळवता आली नाही."

"बघ! नाचता येईना अंगण वाकडं. ठमीला बोलून आलास तेवढ्यासाठी." दादाने कागदाची घडी घातली आणि न्यायाधीशासारखा निकाल दिला. "मग माल घरी आणायचाच नाय. ठमी वाळवील, ठमी कांडील, हिशोबाला आणि वाण बघायला जयवंती जाईल वर. तू डबा पोचव."

म्हणजे मी हमाल! कल्पना माझी, पायपीट माझी, सिमेंट माझ्या डोक्यात, आणि मी हमाल.  जयवंती म्हणते, "पोचवा की. तुमच्याइतकं नीट कोण पोचवील?" ती हे मला चिडवून म्हणाली की मनापासून, ते विचारलं नाही. रात्री नाकात नथ घालून बसली होती, एवढं दिसलं.

डोंगर राहिला. ते एक लिहून ठेवतो. मोठ्या अक्षरात लिहायला हवं, पण राग अजून उतरलेला नाही.

२८ मार्च, मंगळवार

ओटी रिकामी. करंड्या जयवंतीने धुऊन माळ्यावर टाकल्या. तात्या काल दिवसभर काठीने फरशीवर रेघा ओढत होते. दुपारी जेवले नाहीत. तांब्या विहिरीवर होता, जागच्या जागी. मला तो तिथे बघवेना.

आज पहाटे उठलो. माळ्यावरून एक करंडी काढली, टरफलांच्या पोत्यातून काठोकाठ भरली, परसातलं केळीचं पान कापून वर घातलं आणि ओटीवर ठेवली. तांब्या भरून बाकाखाली ठेवला. दाराआड गेलो नाही, तिथेच पायरीवर बसलो.

तात्या आले. करंडी पाहून थांबले. जोडे काढले. पान उचललं, हात घातला, मूठभर टरफलं बोटांतून खाली सोडली. त्यांना आता नीट दिसत नाही असं डॉक्टर म्हणतात, पण बोटांना काय? 

"हलका हाय रे माल," म्हणाले.

"हो, तात्या. यंदा हलकाच आहे."

 त्यांनी तांब्या पुढे ओढला.

"गाडी कितीची?"

"अकराची," म्हटलं.

"मग वेळ हाय," म्हणाले, आणि पाण्यात बोटं बुडवली.